बेटांवर जाणारं बिझनेस क्लासचं तिकीट कमी भाड्यात कसं शोधायचं: पायरी पायरीने सगळं

बिझनेस क्लास स्वस्तात मिळतो म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं कुठलातरी कूपन कोड असेल किंवा कोणीतरी ओळखीचा एजंट लागत असेल. तसं काही नसतं. विमान कंपनी स्वतःहून भाडं खाली आणते, फक्त ते कुठून निघालं तर खाली येतं, कुठल्या आठवड्यात येतं आणि किती सीटवर येतं एवढं शोधून काढायचं असतं. आणि समुद्रकिनाऱ्याच्या ठिकाणांसाठी हे काम तुलनेनं सोपं आहे असं माझं ठाम मत आहे, कारण काय तर लंडन ते न्यूयॉर्क सारख्या मार्गावर पुढच्या सीट ऑफिसच्या पैशावर फिरणारे लोक भरतात, त्यांना भाड्याचं फार काही वाटत नाही, पण मालदीव, सेशेल्स, बाली, फुकेत, मॉरिशस, फिजी इथे मीटिंगला कोण जाणार? विमान मात्र तेच मोठं, पुढे वीस-तीस-चाळीस सीट आहेतच. मग त्या भरायला कंपनी सेल काढते, माइल्सवर (म्हणजे प्रवासावर किंवा कार्डावर जमलेल्या पॉइंटवर) देते, बोली लावायला बोलावते. आपल्याला यातल्या एका तरी दारातून आत शिरायचंय.

आधी भाडं ठरतं कसं ते समजून घ्या

एकाच केबिनमधल्या, एकसारख्या सीट कंपनी वेगवेगळ्या बकेटमध्ये विकते आणि प्रत्येक बकेटला एक अक्षर असतं. बहुतेक कंपन्यांमध्ये 'जे' (J) हे अक्षर म्हणजे सगळ्यात महाग, पूर्ण रिफंड मिळणारं बिझनेस, आणि सी, डी, आय, झेड, काही ठिकाणी पी अशी अक्षरं खालच्या भाड्यांसाठी वापरतात, कोणतं अक्षर सगळ्यात स्वस्त ते कंपनीप्रमाणे बदलतं. स्वस्त बकेटमध्ये सीट मोजक्याच टाकलेल्या असतात, त्या संपल्या की तुम्हाला पुढची महाग बकेट दिसते आणि आपण म्हणतो अरे काल तर कमी होतं! ब्राउझरच्या कुकीज पुसल्या की भाडं कमी होतं, मंगळवारी रात्री बुक केलं की स्वस्त पडतं, या गोष्टींत वेळ घालवू नका, खरा खेळ या बकेटचा आहे.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. तुम्ही चौघं जाणार असाल आणि स्वस्त बकेटमध्ये दोनच सीट उरल्या असतील, तर चार जणांचं एकत्र सर्च केल्यावर बहुतेक सिस्टीम चौघांनाही महाग बकेटचं भाडं लावते. म्हणून आधी एक प्रवासी टाकून बघा, मग दोन, मग चार. एकट्याचं भाडं कमी आणि चौघांचं दरडोई जास्त दिसलं तर दोन वेगळी बुकिंग करा, फक्त मग फ्लाइट रद्द वगैरे झाली तर दोन्ही बुकिंग वेगवेगळी सांभाळावी लागतील हे डोक्यात ठेवा. आणि याच्या उलटही घडतं, काही कंपन्या अधूनमधून दोघांसाठीचं कम्पॅनियन फेअर काढतात, ते एक प्रवासी टाकून सर्च केलं तर दिसतच नाही! त्यामुळे दोन्ही प्रकारे बघायचं, कंटाळा करायचा नाही.

भाड्याचे नियम पण वाचत जा. अमुक दिवस आधी तिकीट काढलंच पाहिजे, किंवा तिकडे किमान इतके दिवस किंवा एक शनिवारची रात्र राहिलंच पाहिजे, अशा अटी स्वस्त बिझनेस भाड्यांना असतात. ऑफिसवाला माणूस शनिवार-रविवार घरी परत येतो, त्याला ही स्वस्त भाडी मिळू नयेत म्हणून ती अट. सुट्टीवर जाणाऱ्याला ती आपोआप पूर्ण होते.

महिना आधी, बेट नंतर

इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात असं मला वाटतं आणि लोक नेमकं उलटं करतात, आधी ठिकाण आणि तारखा पक्क्या, मग तिकीट शोधायला बसतात. डिसेंबरचा शेवट, ईस्टर, शाळांच्या सुट्ट्या, या काळात उष्ण कटिबंधातल्या बेटांवर बिझनेसची स्वस्त बकेट जवळजवळ बंद असते. भाडं पडतं ते पावसाळ्याच्या कडेला. पण पाऊस सगळीकडे एकाच वेळी नसतो, आणि हे माहीत असलं की निम्मं काम झालं.

मालदीवला नैऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ साधारण मे ते ऑक्टोबर, फुकेतलाही साधारण तेव्हाच. पण त्याच थायलंडमधलं को सामुई दुसऱ्या बाजूला आहे, तिथे जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये फुकेत ओलं असताना सामुई बऱ्यापैकी कोरडं. बालीला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. मॉरिशस, फिजी, ताहिती या दक्षिण गोलार्धातल्या ठिकाणी नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा हंगाम. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, पण अरुबा, बोनेर, क्युरासाव ही बेटं त्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला आहेत, तिथे वादळाचा फटका क्वचित बसतो. सेशेल्सची मुख्य बेटंसुद्धा विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे वादळांच्या पट्ट्याबाहेर राहतात. म्हणजे बघा, कॅरिबियनला जाणारी गर्दी सप्टेंबरमध्ये कमी होते आणि तेव्हा अरुबाचं हवामान मात्र धोक्याचं नसतं, असे जोड शोधायचे. गर्दीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचे आणि संपल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात चांगले, भाडं अजून खाली असतं आणि आकाश उघडलेलं असतं.

सर्च कसा करायचा

सुरुवात गूगल फ्लाइट्सपासून करा. क्लास बिझनेस निवडा, आणि निघायच्या रकान्यात एकच विमानतळ टाकू नका, तिथे सात विमानतळ एकत्र टाकता येतात, पोचायच्या रकान्यातही तसंच. म्हणजे तुमच्या आवाक्यातले सगळे विमानतळ एका बाजूला आणि माले (मालदीव), माहे (सेशेल्स), मॉरिशस, फुकेत, देनपसार (बाली), कोलंबो असे सगळे दुसऱ्या बाजूला टाकून एकाच वेळी बघा. मग तारखेच्या कॅलेंडरवर जा, तिथे महिनाभराची भाडी दिसतात, आणि प्राइस ग्राफ उघडला की तुमच्या सुट्टीची लांबी धरून कुठला आठवडा खाली आहे ते पटकन कळतं. एक्सप्लोर नावाचा नकाशा पण आहे, ठिकाण न टाकता नुसतं फिरून बघायला चांगला. एखादा जोड पसंत पडला की ट्रॅकिंग चालू करून ठेवा, रोज बघत बसायची गरज नाही, भाडं हललं की मेल येतो.

नंतर तेच स्कायस्कॅनर, कायाक किंवा मोमोंडोवर पडताळा, कारण सगळ्या कंपन्यांची सगळी भाडी एका जागी दिसत नाहीत. ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांनी आयटीए मॅट्रिक्स वापरून बघा. ही गूगलचीच सिस्टीम आहे, तिथे तिकीट विकत घेता येत नाही पण भाड्याचा कोड, बकेटचं अक्षर, नियम आणि कर सगळं सुटं सुटं दिसतं. दिसायला रुक्ष आहे, पण एकदा हात बसला की सोडवत नाही. आणि डील शोधून मेलवर पाठवणाऱ्या सेवा आहेत, गोइंग, जॅक्स फ्लाइट क्लब, सीक्रेट फ्लाइंग वगैरे, त्यातल्या एक-दोन लावून ठेवा, सगळ्या लावल्यात तर मेलच्या ढिगात कामाचं काही सापडणार नाही.

दुसऱ्या शहरातून निघायचा उपाय

एकाच कंपनीच्या एकाच विमानात, शेजारी बसलेल्या दोघांनी वेगळी भाडी भरलेली असतात, कारण एकाने प्रवास जवळच्या दुसऱ्या देशातून सुरू केलेला असतो. कंपनी आपल्या मुख्य शहरातून थेट जाणाऱ्याकडून जास्त घेते, आणि दुसऱ्या शहरातल्या लोकांना आपल्याकडे ओढायला तिथून भाडं कमी ठेवते. युरोपात ऑस्लो, स्टॉकहोम, सोफिया, बुडापेस्ट, तसंच कैरो आणि कोलंबो, ही नावं स्वस्त बिझनेस भाड्यांच्या बाबतीत वरचेवर ऐकू येतात. करांचा पण भाग असतो. ब्रिटनमधून निघालात तर एअर पॅसेंजर ड्यूटी लागते आणि बिझनेससाठी ती इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असते, पण तेच तिकीट डब्लिनपासून सुरू करून लंडनला चोवीस तासांच्या आत विमान बदललं तर ती लागत नाही.

आता यातले धोके नीट समजून घ्या, कारण इथेच लोक अडकतात. तुमच्या गावापासून त्या शहरापर्यंतचं तिकीट वेगळं, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि नवीन तिकीटही देणार नाही. म्हणून आदल्या दिवशी पोचा, रात्रीच्या मुक्कामाचा खर्च हिशेबात धरा, तिथला व्हिसा लागतो का ते आधी बघा, आणि सामान बहुतेक वेळा बाहेर काढून परत चेक-इन करावं लागतं. सगळं जोडून वाचलेली रक्कम किरकोळ असेल तर सरळ सोडून द्या, दोन दिवस दगदग करण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट कधीही करू नका, पहिला टप्पा सोडून मधल्या शहरातून विमानात चढायचं. पहिला टप्पा वापरला नाही की कंपनी पुढचं सगळं तिकीट रद्द करते. शेवटचा टप्पा सोडून देणं पण बऱ्याच कंपन्यांच्या अटींविरुद्ध आहे आणि चेक-इन केलेलं सामान तर शेवटच्या शहरालाच जाणार.

सगळ्या प्रवासाला बिझनेस कशाला?

मला विचाराल तर पैसे रात्रीच्या लांब टप्प्यावर घाला. जाताना दिवसाचं विमान असेल तर इकॉनॉमी किंवा प्रीमियम इकॉनॉमी, येताना रात्रभराचं असेल तर बिझनेस. मल्टी-सिटी सर्चमध्ये किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर असं मिसळून निघतं, आणि काही कंपन्यांचं एकेरी भाडं दुहेरीच्या बरोबर निम्मं असतं, तिथे दोन एकेरी काढता येतात. काही कंपन्यांचं एकेरी भाडं मात्र अवाच्या सवा असतं, म्हणून दोन्ही बघायचं.

बेटांच्या बाबतीत शेवटचा टप्पा खास तपासा. बोरा बोराला ताहितीतल्या पापीतेहून छोट्या एटीआर विमानाने जावं लागतं, त्यात बिझनेस क्लास नाहीच. मालदीवच्या सीप्लेनमध्येही नाही, आणि ती सीप्लेन फक्त उजेडात उडतात, म्हणजे तुमचं स्वस्त तिकीट मालेला संध्याकाळी उशिरा पोचत असेल तर एक रात्र तिथेच काढावी लागेल आणि ठरवलेल्या रिसॉर्टची एक रात्र हातची जाईल. भाड्यात वाचलेलं इथे निघून जातं. मधल्या विमानतळावर वाट बघायची वेळही अशीच मोजा.

सीट खरंच झोपायची आहे का

बिझनेस लिहिलंय म्हणून पलंग मिळेलच असं नाही. युरोपातल्या युरोपात बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच सीट, मधली रिकामी ठेवलेली, बाकी जेवण आणि लाउंज. एमिरेट्सच्या बऱ्याच ७७७ विमानांत बिझनेसला २-३-२ अशी रांग आहे, म्हणजे मधली सीट वाट्याला येऊ शकते, त्यांच्याच ए३८० मध्ये १-२-१ आहे, प्रत्येकाला मोकळी वाट. कतारचा दरवाजावाला क्यूसूट २०१७ मध्ये आला, पण तो त्यांच्या सगळ्या विमानांत नाही. म्हणून फ्लाइट नंबरसोबत विमानाचा प्रकार बघा आणि एअरोलोपावर त्याचा सीट नकाशा उघडा. गूगल फ्लाइट्समध्ये एखादा टप्पा खालच्या क्लासचा असेल तर तशी खूण येते, ती नजरेआड होऊ देऊ नका, कारण दोन तास बिझनेस आणि नऊ तास इकॉनॉमी असं तिकीटही बिझनेस म्हणून यादीत येतं!

आणखी एक, आता कंपन्यांनी कमी सोयीचं बिझनेस भाडं सुरू केलंय. एमिरेट्सने २०१९ मध्ये स्पेशल नावाने, कतारने लाइट नावाने, फिनएअरने २०२१ मध्ये लाइट नावाने. सीट तीच, पण लाउंज नाही, सीट आधी निवडायला पैसे, फिनएअरच्या लाइटमध्ये तर चेक-इन सामानही नाही. ज्याला फक्त झोपायचंय त्याच्यासाठी हे उत्तम आहे, पण दोन भाड्यांची तुलना करताना सारखं सारख्याशी लावा.

माइल्स, म्हणजे सगळ्यात मोठी सूट

पैशातलं भाडं कितीही पडलं तरी माइल्सवर मिळणारी सीट बहुतेक वेळा त्याहून परवडते, आणि त्यासाठी सतत उडायची गरज नाही, क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीत ट्रान्सफर होतात, काही कंपन्यांचे माइल्सचे कार्यक्रम माइल्स सरळ विकतात सुद्धा.

मूळ तत्त्व एवढंच, ज्या कंपनीत बसायचंय तिचेच माइल्स लागतात असं नाही. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम या तीन गटांत एका कंपनीचे माइल्स दुसरीवर चालतात. मालदीव-सेशेल्ससाठी कतार एअरवेजची सीट ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओसवर (हे तिच्या माइल्सचं नाव) निघते, आणि हेच एव्हिओस इबेरिया, फिनएअर, एअर लिंगस यांच्याकडेही चालतात, एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येतात. फिजी एअरवेज २०२५ मध्ये वनवर्ल्डची पूर्ण सदस्य झाली, त्यामुळे फिजीतल्या नांदी विमानतळाचे पर्याय वाढले. तुर्किश एअरलाइन्स इस्तंबूलहून माले, मॉरिशस, बाली अशा ठिकाणी जाते, तिच्या सीट एअर कॅनडाच्या एरोप्लान किंवा एव्हियांकाच्या लाइफमाइल्सवर बघा, हे दोन्ही कार्यक्रम पार्टनरच्या तिकिटावर फ्युएल सरचार्ज, म्हणजे इंधनाच्या नावाने घेतलेली जादा रक्कम, लावत नाहीत. हा सरचार्ज काही कार्यक्रमांत इतका असतो की "फुकट" तिकिटावर भलीमोठी रक्कम भरावी लागते, म्हणून माइल्ससोबत रोख किती ते आधी बघा. सिंगापूर एअरलाइन्स लांबच्या मार्गावरची बिझनेस सीट पार्टनरला फारशी देत नाही, तिच्यासाठी तिचाच क्रिसफ्लायर कार्यक्रम लागतो, आणि त्यात दर महिन्याला स्पॉन्टेनियस एस्केप्स नावाने पुढच्या महिन्याच्या निवडक मार्गांवर साधारण ३० टक्के कमी माइल्समध्ये सीट येतात. फ्लाइंग ब्लू या एअर फ्रान्स-केएलएमच्या कार्यक्रमाचे प्रोमो रिवॉर्ड्सही दर महिन्याला बदलतात.

सीट शोधायला सीट्स एअरोसारखी साधनं आहेत, एका मार्गावर कित्येक महिन्यांची उपलब्धता एकत्र दिसते. अशा सीट दोन वेळा जास्त सुटतात, एकदा वेळापत्रक उघडतं तेव्हा म्हणजे साधारण ११ महिने आधी, आणि परत उडायच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, जेव्हा कंपनीला कळतं की या आता विकल्या जात नाहीत. क्रम मात्र चुकवू नका: आधी सीट दिसली पाहिजे, ज्या कंपनीत माइल्स टाकणार तिच्याच साइटवर दिसली पाहिजे, मग ट्रान्सफर. कार्डातून गेलेले पॉइंट परत येत नाहीत. आणि दुसऱ्याचे माइल्स विकणारे ब्रोकर भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, पकडलं तर तिकीट रद्द आणि खातंही बंद.

बोली लावणं

इकॉनॉमी किंवा प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट हातात असेल तर बऱ्याच कंपन्या अपग्रेडसाठी बोली मागवतात. यामागे बहुतेक ठिकाणी प्लसग्रेड नावाच्या माँट्रियलच्या कंपनीची सिस्टीम असते. बोली प्रत्येक प्रवाशाची आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी, हे विसरू नका, दोघं जण म्हणजे रक्कम दुप्पट. आधी त्या तारखेचं स्वस्त बिझनेस भाडं बघा, तुमचं तिकीट अधिक बोली त्याच्या जवळ जात असेल तर बोली लावू नका. किमान रकमेच्या जरा वर लावा, सीट नकाशात बिझनेस रिकामं दिसत असेल तर जास्त लावायची गरजच नाही. माइल्स बहुतेक मूळ क्लासचेच मिळतात आणि आधी सीटसाठी भरलेले पैसे परत येतीलच असं नाही. चेक-इनच्या वेळी ॲपमध्ये ठराविक रकमेत अपग्रेड येतं, ते कधीकधी बोलीपेक्षा कमी असतं.

चुकून पडलेली भाडी

कधीतरी कंपनीच्या हातून भाडंच चुकतं. १ जानेवारी २०१९ ला कॅथे पॅसिफिकची व्हिएतनामच्या दा नांगहून न्यूयॉर्कची दुहेरी बिझनेस तिकिटं सुमारे ६७५ डॉलरला विकली गेली आणि कंपनीने ती मान्य केली. ऑगस्ट २०२३ मध्ये क्वांटसच्या साइटवर ऑस्ट्रेलिया-अमेरिका फर्स्ट क्लास सुमारे ८५ टक्के कमी भाड्यात गेला, तेव्हा कंपनीने फर्स्ट दिला नाही, बिझनेसमध्ये बसवलं. असं दिसलं तर लगेच काढा, कंपनीला फोन करून विचारू नका, आणि पुढचे काही आठवडे हॉटेल रद्द न होणारं बुक करू नका. अमेरिकेत २०१५ पासून कंपनीवर अशी चूक पाळायचं बंधन नाही, तिकीट रद्द करून पैसे परत दिले आणि झालेला वाजवी खर्च भरून दिला की तिचं काम संपतं.

पैसे भरताना

भाडं शोधायला कुठलीही साइट चालेल, पण फरक थोडाच असेल तर तिकीट कंपनीच्या साइटवरच काढा. बेटांची वेळापत्रकं हंगामाप्रमाणे बदलतात, आणि बदल झाला की मधल्या स्वस्त साइटवाल्यांकडून तिकीट बदलून घेणं फार त्रासाचं होतं, एजंट म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते एजंटला. अमेरिकेला जाणारं, येणारं किंवा तिथल्या तिथलं तिकीट उड्डाणाच्या किमान सात दिवस आधी थेट कंपनीकडे काढलं तर २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं किंवा तेवढा वेळ भाडं रोखून ठेवता येतं, याचा फायदा घ्या, आधी पकडा आणि मग रजा, व्हिसा, हॉटेल जुळतंय का बघा.

काही देश पुढच्या क्लासवर जास्त कर लावतात. मालदीवने १ डिसेंबर २०२४ पासून परदेशी प्रवाशांसाठी निघतानाचा कर इकॉनॉमीला ५० डॉलर, बिझनेसला १२० आणि फर्स्टला २४० केलाय. तो सहसा तिकिटातच धरलेला असतो पण माइल्सच्या तिकिटावर रोख भरावा लागतो, त्यामुळे येताना दिवसाचं विमान असेल तर तो टप्पा इकॉनॉमीत ठेवायचा का याचा विचार करायला आणखी एक कारण. तिकीट हातात आलं की कंपनीच्या साइटवर बुकिंग उघडून प्रत्येक टप्प्याचा क्लास तपासा, सीट लगेच निवडा, आणि मग दर महिन्याला एकदा उघडून बघत जा, विमान किंवा वेळ बरीच बदलली असेल तर बऱ्याच कंपन्या तारीख फुकट बदलून देतात किंवा पैसे परत करतात, पण बहुतेक वेळा ते आपण मागावं लागतं.